भरतीच्या वेळापत्रकावरची स्थानके

दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की मुंबई महानगरपालिका एक यादी प्रसिद्ध करते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत समुद्राला साडेचार मीटरहून अधिक उंचीची भरती कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, याचे ते कोष्टक असते. वर्तमानपत्रे ते एका कोपऱ्यात छापतात, आणि ज्या नागरिकाला आपल्या लोकलची वेळ मिनिटासह तोंडपाठ असते तोही ते न वाचताच पान उलटतो. वस्तुतः या शहरात गाडी केव्हा सुटेल हे ठरविणारी वेळापत्रके दोन आहेत: एक रेल्वेच्या दप्तरात तयार होते, दुसरे चंद्राच्या कलांवर चालते, आणि ज्या दिवशी मुसळधार पाऊस व उधाणाची भरती यांची गाठ पडते, त्या दिवशी पहिल्याला दुसऱ्यापुढे मान तुकवावी लागते. किनाऱ्यावरील नगरात रेल्वेचे स्थानक, एस.टी.चा स्टँड, मेट्रोचे भुयार किंवा लाँचचा धक्का बांधावयाचा तर तो या दुसऱ्या वेळापत्रकाशी इमान राखून बांधावा, हे कोणासही पटावे. परंतु ‘पर्यावरणस्नेही स्थानक’ असे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या छपरावरील सौर पट्ट्या, भिंतीवर टांगलेली रोपे आणि प्रवेशद्वाराशी लावलेली मानांकनाची पाटी. या गोष्टी वाईट नव्हेत. मात्र समुद्रकाठच्या इमारतीची खरी परीक्षा पाणी, क्षार आणि वारा हे तीन परीक्षक घेतात, आणि त्यांच्यापैकी एकालाही पाटी वाचता येत नाही.

पाण्यापासूनच आरंभ करू. मुंबईची भूमी म्हणजे पूर्वीची सात बेटे आणि त्यांच्यामधील खाजणे भरून काढून केलेली जोडजमीन, हे शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र पुस्तकात नसतो. परळ, हिंदमाता, शीव, कुर्ला या बाजूंचे सखल पट्टे आजही सखलच आहेत, आणि शहराचे पावसाळी पाणी ज्या नाल्यांतून समुद्रास मिळते त्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली येतात. ओहोटी असेल तर पाणी आपल्या भाराने वाहून जाते. भरती असेल तर मुखाशी बसविलेली झडप समुद्राला आत येऊ देत नाही खरी, पण शहराच्या पाण्यालाही बाहेर जाऊ देत नाही. जुन्या गटारांची योजना ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या अंदाजाने केलेली, आणि तीही ओहोटी गृहीत धरून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला (त्याच दिवशी कुलाब्यास १०० मिलिमीटरदेखील पडला नव्हता), आणि त्या आपत्तीनंतर ही क्षमता दुप्पट करण्याच्या कामास जोर आला. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह इत्यादी ठिकाणी पाणी उपसून समुद्रात लोटणारी पंपगृहे उभी राहिली. असे असूनही जोराच्या पावसात कुर्ला आणि शीव येथील रूळ पाण्याखाली जातातच. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस पुढे वस्ती वाढली, वस्तीसाठी भराव पडले, रस्त्यांवर दर काही वर्षांनी जुना थर न खरवडताच डांबराचा नवा थर चढला, आणि रूळ होते तेथेच राहिले. स्थानकाने काहीही अपराध केला नसता त्याच्या भोवतीचे सारे जग उंच होत गेले, आणि स्थानकाची परात झाली.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो कागदावरचा आहे. यादीतील साडेचार मीटर म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या वर साडेचार मीटर नव्हेत. भरतीचे आकडे सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजतात, आणि ते शून्य अगदी खालच्या ओहोटीच्या आसपास, म्हणजे सरासरी सपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली धरलेले असते. भारतीय सर्वेक्षण विभाग सरासरी सपाटीपासून उंची मोजतो. महानगरपालिकेच्या जुन्या नकाशांवरील उंची ‘टाऊन हॉल डेटम’ या तिसऱ्याच शून्यापासूनची. त्यामुळे एकाच स्थानकाच्या एकाच पायरीला तीन खात्यांच्या दप्तरांत तीन निरनिराळ्या उंची असू शकतात, आणि ज्या अभियंत्याने हे आकडे एकमेकांत बसवून पाहिले नसतील त्याच्या इमारतीचे जोते सर्वोच्च भरतीच्या किती वर आहे, हे पहिल्या मोठ्या पावसाशिवाय कोणासच कळत नाही. स्थानकाच्या आराखड्यास मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने दर्शनी भागाची रंगीत चित्रे पाहण्यापूर्वी एवढा एकच हिशेब मागून घ्यावा, असे मला वाटते.

या प्रश्नाचे एक शहाणे उत्तर खाडीपलीकडे मिळते. नवी मुंबईची उभारणी करताना सिडकोपुढेही दलदलीच्या सखल जमिनीचा प्रश्न होता. तेथे केवळ पंपांवर विसंबून न राहता डच पद्धतीचे धारण तलाव राखण्यात आले. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, तेवढ्या काळात पडलेला पाऊस या तलावांत साठतो, आणि ओहोटी लागली की झडपा आपोआप उघडून साठलेले पाणी खाडीस मिळते. विजेचा एक युनिटही खर्च होत नाही. समुद्राशी झुंज न घेता त्याच्याकडून सहा तासांची मुदत मागून घेण्याची ही युक्ती आहे. अडचण पुढे आली. तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन वाढले, आणि कांदळवनाच्या तोडीस उच्च न्यायालयाच्या हुकुमाने मनाई असल्यामुळे गाळ काढणे हाच एक न्यायालयीन विषय होऊन बसला. कांदळवन तर हवेच, कारण लाटांचा जोर मोडणारा त्याच्याइतका स्वस्त बंधारा दुसरा नाही. पण तलावाची साफसफाई पहिल्या दहा वर्षांतच नियमाने होत राहिली असती तर ही दोन पुण्ये एकमेकांच्या वाटेत आली नसती. स्थानकाचा विचार स्थानकाच्या कुंपणाशी थांबत नाही, तो त्याच्या मागच्या तलावापर्यंत न्यावा लागतो.

जमिनीखालच्या स्थानकांची गोष्ट याहून कठीण, कारण तेथे पाण्याला उतरण्यासाठी आपण स्वतःच जिने बांधून ठेवलेले असतात. मुंबईची कुलाबा ते आरे ही मेट्रो साडेतेहतीस किलोमीटर लांबीची असून तिच्या २७ स्थानकांपैकी २६ भूमिगत आहेत. मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत सुरू झाली, आणि तीन आठवडे भरण्याच्या आतच, २६ मे रोजी, नेहमीच्या ११ जूनची वाट न पाहता मोसमी पाऊस मुंबईत थडकला. काम अपूर्ण असलेल्या एका प्रवेशद्वाराशी पाणी अडविण्यासाठी उभारलेली भिंत कोसळली आणि नव्याकोऱ्या फलाटावर गढूळ पाणी उतरले. स्थानकाला ज्यांचे नाव दिले आहे ते अत्रे हयात असते, तर गेल्या दहा हजार वर्षांत असे स्थानक झाले नाही, या थाटात त्यांनी आपल्या ‘मराठा’ दैनिकाचे दुसऱ्या दिवशीचे दोन स्तंभ सहज भरले असते. पण थट्टा बाजूस ठेवून पाहिले तर चूक स्थापत्यशास्त्रापेक्षा पंचांगाची दिसते. आपली पावसाळ्यापूर्वीची कामे मे महिन्याच्या अखेरीस उरकावयाची, असा सरकारी रिवाज आहे; पावसाने तो रिवाज वाचलेला नाही.

असे फक्त आपल्याकडेच घडते, असे समजून खंत करण्याचे कारण नाही. न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकास, समुद्राला अगदी लागून, साउथ फेरी नावाचे भूमिगत स्थानक २००९ साली ५० कोटी डॉलरहून अधिक खर्चून बांधण्यात आले. स्टेटन बेटाहून येणारी बोट, आगगाडी आणि बस यांचा तेथे संगम होतो. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाबरोबर आलेली समुद्राची लाट त्यात शिरली आणि ते तळापासून भरून गेले. क्षारयुक्त पाण्याने विजेची यंत्रे निकामी केली, आणि ज्या जुन्या, तीव्र वळणाच्या, अडचणीच्या स्थानकास चारच वर्षांपूर्वी पेन्शनीत काढले होते, त्याला २०१३ च्या एप्रिलात पुन्हा नोकरीवर बोलवावे लागले. नवे स्थानक दुरुस्त होऊन उघडले ते २०१७ साली, आणि या वेळी त्याच्या तोंडाशी पूर येताच बंद करता येतील असे अडसर होते. एवढ्या प्रचंड अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी पूर्वीच तरतूद केली असती तर ती कोणाच्या डोळ्यांवर आली असती, असे वाटत नाही. आपल्या भूमिगत स्थानकांची प्रवेशद्वारे आता रस्त्यापासून काही पायऱ्या चढवून मग खाली उतरवितात. आधी वर चढून मग खाली उतरण्याचा हा खटाटोप प्रवाशाला निरर्थक वाटतो, परंतु त्या चार पायऱ्या म्हणजे त्या इमारतीतील सर्वांत मोलाची जागा होय. वृद्धांसाठी त्यांच्या शेजारी उतरण बांधली म्हणजे झाले.

पाणी निदान दिसते तरी. क्षार दिसत नाही. समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते काँक्रीटच्या पृष्ठावर बसतात, छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपतात, आणि सळईवरील संरक्षक पापुद्रा भेदतात. लोखंड गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते, आणि काँक्रीट आतून फुटू लागते. किनाऱ्याजवळच्या कोणत्याही जुन्या पादचारी पुलाखाली उभे राहून मान वर करून पाहावे. प्रथम तपकिरी ओघळ दिसतो; मग सळईच्या रेषेत गेलेली केसाएवढी भेग; मग तेथील खपली सुटलेली, आणि आत पापुद्रे सुटत गेलेली काळी-तांबडी सळई. ही खपली म्हणजेच गवंड्यांच्या भाषेतील ‘कव्हर’. भारतीय मानकानुसार किनारी हवेत ते किमान ४५ मिलिमीटर, लाटांचे तुषार उडत असतील तेथे ५०, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर असावे लागते. ते राखण्यासाठी सळयांखाली काँक्रीटचे लहान चौकोनी ठोकळे बांधतात. काम घाईत असले की ठोकळ्याऐवजी हाताशी आलेला खडीचा तुकडा सरकविला जातो, आणि पन्नास वर्षे टिकावयाच्या पुलाचे आयुष्य त्या क्षणी निम्म्यावर येते. त्यात वाळू खाडीतून उपसलेली व न धुतलेली असेल, तर शत्रूला बाहेरून येण्याचे कष्टही पडत नाहीत.

येथे टिकाऊपणा आणि पर्यावरण यांचा हिशेब एकाच वहीत लिहिता येतो. जगातील कर्बवायूच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून होते. पोलादाच्या भट्टीतील मळी दळून सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरली तर तेवढे उत्सर्जन वाचते, आणि अशा काँक्रीटची छिद्रे अधिक बारीक असल्यामुळे क्षारही सावकाश शिरतो. ते घट्ट होण्यास थोडा वेळ अधिक लागतो, एवढीच त्याची मागणी. हीच गोष्ट कठड्यांची. चकचकीत पोलादी कठडा समुद्रकाठी वर्षभरात चहाच्या डागांसारखा डागाळतो, कारण स्वस्त जातीचे पोलाद वापरलेले असते. मॉलिब्डेनम मिसळलेली ३१६ क्रमांकाची जात महाग पडते, पण तिला दर दोन वर्षांनी रंगारी लागत नाही. पंचवीस वर्षांत दोनदा पाडून पुन्हा बांधलेल्या स्थानकाच्या छपरावर कितीही सौर पट्ट्या लावल्या तरी पाडकाम आणि पुन्हा बांधकाम यांत गेलेले सिमेंट काही त्या भरून काढीत नाहीत.

आता वारा आणि त्याच्या खांद्यावरून येणारी झड. कोकणातील माणसाला घर कसे बांधावे हे नियमावलीतून शिकावे लागले नाही: जांभ्याचे जोते, चारी बाजूंनी खाली ओढलेले छप्पर, भोवती पडवी, आणि मृग लागण्यापूर्वी नैऋत्येच्या बाजूस पडवीला बांधलेले माडाच्या झावळ्यांचे झाप. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाणी शिंपडून गारवा आणण्याची देशावरची युक्ती येथे चालत नाही; वारा खेळता ठेवणे, पण पाऊस अडविणे, हाच एक मार्ग उरतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने १८७८ मध्ये सुरू केलेले आणि सुमारे दहा वर्षांत पुरे झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, याची वाखाणणी आपण त्याच्या घुमटासाठी आणि जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी कोरलेल्या मोर-माकडांसाठी करतो. युनेस्कोनेही २००४ साली त्यास जागतिक वारशाचा मान दिला. परंतु त्याच्या उंच छतांखाली, कमानींच्या ओवऱ्यांत, भर मे महिन्यात उभे राहिले की ध्यानात येते, की जाड दगडी भिंतींपुढे सावलीचा पट्टा आणि त्यातून वाहणारा वारा ही व्यवस्था पडवीचीच थोरली बहीण आहे. भिंतीतून बाहेर डोकावणारी विचित्र पशुमुखे हीसुद्धा केवळ शोभा नव्हे. त्यांच्या तोंडातून छपराचे पाणी भिंतीपासून दूर फेकले जाते. याउलट अलीकडच्या काचेच्या दर्शनी भिंती ऊन आत घेतात, वारा बाहेर ठेवतात, आणि मग ते उलट करण्यासाठी वातानुकूलनाचे बिल भरावयास लावतात.

झडीचा विषय क्षुल्लक वाटेल. पावसाळ्यात दादरच्या किंवा अंधेरीच्या फलाटावर पाहावे: छप्पर उंच आणि कडेला तोकडे असल्यामुळे फलाटाच्या दोन्ही कडा भिजलेल्या असतात, निसरड्या कडेपासून माणसे मधल्या कोरड्या पट्ट्यात दाटतात, आणि गाडी येताच तो सारा दाट पट्टा एकदम ओल्या कडेकडे धावतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकात अचानक सर आली. भिजू नये म्हणून लोक पुलाच्या अरुंद जिन्यावर थांबून राहिले, मागून गर्दी येतच राहिली, आणि त्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने तेथे नवा पूल बांधून दिला. पूल अरुंद होता हे खरेच. पण जिना संपतो तेथून पुढे रस्त्यापर्यंत डोक्यावर चार हात रुंद छप्पर असते तर त्या सकाळी जिन्यावर थांबून राहण्याचे कारणच उरले नसते. सार्वजनिक स्थानकात आडोसा हा अलंकार नसून वाहतुकीचा भाग आहे, आणि त्याचे क्षेत्रफळ प्रवाशांच्या संख्येवर ठरविले पाहिजे, उरलेल्या निधीवर नव्हे.

राहता राहिला धक्का, जेथे पाणी शत्रू नसून रस्ताच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसला जाणाऱ्या लाँचेस आजही भरती-ओहोटीचा कौल घेऊनच चालतात. पलीकडच्या खाडीत गाळ असल्यामुळे ओहोटीस पाणी पुरत नाही आणि फेऱ्यांच्या वेळा बदलतात. कोळी आणि तांडेल यांना अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग ही पाण्याची दोन टोके पाठच असतात, पण पाट्या घेऊन आलेल्या बाईला शेवाळलेल्या पायरीवरून हेलकावणाऱ्या लाँचेत पाऊल टाकताना खलाशाने पुढे केलेल्या हातापलीकडे दुसरा आधार नसतो. चाकाच्या खुर्चीतील माणसाने तर या वाटेस जाऊच नये, अशी एकंदर रचना.

कोचीने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झालेल्या तेथील जलमेट्रोच्या बोटी कोचीन गोदीतच बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या आहेत, आणि योजना ७८ बोटी व ३८ धक्क्यांनी दहा बेटे जोडण्याची आहे. बोटींचे कौतुक सर्वत्र झाले. मला मात्र त्यांच्या धक्क्यांचे अधिक वाटते. बोट लागते ती तरत्या फलाटाला. पाणी चढले की फलाट चढतो, उतरले की उतरतो, त्यामुळे बोटीचा डेक आणि फलाट यांची पातळी सदैव एक राहते, आणि खुर्चीतील प्रवासी कोणाचाही हात न धरता आत जातो. अशाच जलवाहतुकीची तजवीज आता मुंबईसाठीही बोलली जात आहे. ती बोलताना एक गणित विसरून चालणार नाही. कोचीला भरती-ओहोटीतील अंतर सुमारे एक मीटर. मुंबईत उधाणाच्या दिवशी ते चार-पाच मीटर. स्थिर धक्क्यावरून तरत्या फलाटावर उतरणारा पूल चाकाच्या खुर्चीला झेपेल असा, म्हणजे बारास एक या उताराचा ठेवावयाचा तर कोचीस बारा मीटर लांबीचा पूल पुरेल, आणि मुंबईस तो साठ मीटरपर्यंत न्यावा लागेल, किंवा मध्ये विसाव्याचे तरते टप्पे करून दुमडावा लागेल. साठ मीटर पूल म्हणजे अधिक पोलाद, वाऱ्याचा अधिक जोर, आणि धक्क्याच्या पुढे तेवढी मोकळी जागा. ती जागा बंदराच्या मालकीची, बोटींचा परवाना सागरी मंडळाचा, धक्क्याबाहेरची बस बेस्टची, आणि तेथपर्यंतचा रस्ता महानगरपालिकेचा. कोचीचा नकाशा आणून त्यावर मुंबईचे नाव घालण्यापूर्वी या चार दप्तरांनी एका मेजाभोवती बसून प्रथम त्या साठ मीटरांचे काय करावयाचे ते ठरवावे. बोटींचा रंग नंतरही निवडता येईल.